जावईबापूंचे ऑल सीझन टायर

मिनेसोटात पार्किंगच्या कोपऱ्यात सारलेला बर्फाचा ढीग एप्रिलपर्यंत हलत नाही, वरून नवा बर्फ पडतच राहतो. आमच्या ग्रुपच्या किश्श्यांचंही तसंच आहे. ईडन प्रेरीत एकाच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये आम्ही चार मराठी कुटुंबं, सगळे आयटीतले आणि सगळे अतिहुशार. त्यामुळे किश्श्यांना तोटा नाही! पण दोन हजार पाचच्या सुमारास पुण्याच्या संजयनं टायर घेतले, त्याची सर कशालाच नाही.

*

संजयची बायको मेधा, जानेवारीत तिची ड्यू डेट. हॉस्पिटल वीस मैलांवर. "बर्फात गाडी अडकली तर?" असं तिनं ऑक्टोबरात विचारलं आणि संजयनं एक्सेल उघडलं.

चौदा ब्रँड, बावीस कॉलम, प्रत्येक कॉलमला वेटेज. तीन आठवडे रोज जेवताना ती शीट! शेवटी मेधा हसत म्हणाली, "मला बघायला आलास तेव्हाही अशीच शीट केली होतीस का रे?"

संजयनं ताकाचा पेला तोंडाला लावला, तो बराच वेळ काढला नाही.

*

टायरच्या दुकानातल्या माणसानं शीट बघितलीसुद्धा नाही. "बाळ होणार आहे ना? मग स्नो टायर घे," एवढंच म्हणाला.

"गिऱ्हाईक बघून गळाला लावतात साले," संजय बाहेर येऊन आम्हाला म्हणाला. "हिवाळ्यापुरते वेगळे टायर, म्हणजे वर्षातून दोनदा बदलायचे? ऑल सीझन म्हणजे ऑल सीझन. त्यात विंटर आलाच ना यार!"

आम्हाला पटलं. हसताय काय? आम्ही तिघांनीही त्याच शीटवरून तेच टायर घेतले. घरबसल्या रिसर्च मिळत असताना कोण डोकं चालवतो!

*

नव्या टायरांची पूजा झालीच पाहिजे. संजयनं लिंबं आदल्या दिवशी गाडीतच ठेवली होती. सकाळी ती दगड झाली होती.

पुढच्या दोन चाकांखाली दोन लिंबं ठेवून संजयनं ॲक्सिलरेटर दाबला. चाकं गरागरा फिरली, लिंबं जागची हलली नाहीत! आम्ही सगळे दुसरीकडे बघायला लागलो.

"जी लिंबावर चढेना, ती गाडी हॉस्पिटलला कशी जाणार?" मेधानं विचारलं. या वेळी ती हसत नव्हती.

*

यावर नागपूरच्या मिलिंदनं उपाय काढला. "अबे, डिकीत वजन टाक. ग्रिप येते."

संजयनं इंडियन स्टोअरमधून तांदळाच्या आठ पिशव्या आणून डिकीत भरल्या. गाडीला जोर पुढच्या चाकांचा, वजन मागे! आता पुढची चाकं आणखीच घसरायला लागली. पिशव्या काढायला मात्र तो तयार नव्हता, कारण प्रयोग पूर्ण व्हायचा होता. घरातले तांदूळ संपले तेव्हा आठ महिन्यांची पोटुशी मेधा वाटी घेऊन पार्किंगमध्ये जाताना मी स्वतः पाहिली. मला संजयची लाज वाटली, आणि वाटी तिच्या हातून न घेतल्याबद्दल माझीही.

*

डिसेंबरात सांगलीहून सासूबाई आल्या, लेकीच्या बाळंतपणाला. डिंकाचे लाडू, आळीव, सगळं कस्टममधून सुखरूप आलं. एअरपोर्टहून येताना मात्र गाडी वळणावर सावकाश घसरली आणि कडेच्या बर्फात जाऊन बसली.

सासूबाई घाबरल्या नाहीत. शालीत हात घेऊन म्हणाल्या, "जावईबापू, इथली जुनी माणसं कुठले टायर घालतात? शेजाऱ्याला विचारलंत का?"

शेजारी म्हणजे गॅरी. आयुष्यभर स्कूल बस चालवून रिटायर झालेला म्हातारा.

"आई, त्याच्याकडे डेटा नाही," संजय म्हणाला.

*

आणि मग तो दिवस उजाडला. रात्रभर पडलेला फूटभर बर्फ, आणि सकाळी आठला मेधाला कळा सुरू. संजयनं मायलेकींना गाडीत बसवलं. कॉम्प्लेक्सच्या फाटकापाशी जेमतेम चढ आहे, तिथे गाडी थांबली. चाकं नुसती फिरत होती.

मिलिंद आपली गाडी घेऊन धावला, मागून मी. एकाच चढावर तीन गाड्या आडव्यातिडव्या, बाराही टायर एकाच शीटमधले! मग आम्ही संजयची गाडी ढकलायला लागलो. ढकलता ढकलता चर्चा सुरू झाली. मिलिंद म्हणे हवा कमी करा, मी म्हणे मॅट चाकाखाली घाला, संजय म्हणे आधी पिशव्या पुढच्या सीटवर आणू.

"मेधा, जरा उतरतेस का? पिशव्या ठेवायच्यात," असं म्हणत त्यानं दार उघडलं. आत कोणीच नव्हतं.

तेवढ्यात शेजारून गॅरीची जुनी डबडा गाडी संथपणे चढ चढून गेली. चारही चाकांना स्नो टायर, एकदाही घसरली नाही. पुढे गॅरी, मागे मेधा आईचा हात घट्ट धरून बसलेली. फाटकापाशी मागची काच खाली झाली आणि सासूबाईंनी डोकं बाहेर काढलं.

"जावईबापू, तुमचं ढकलून झालं की या!"