अक्षरं थांबली की हाक मारा

माझ्या बायकोने, मंदाने, आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तिच्या लॅपटॉपखाली दोन स्टीलच्या वाट्या पालथ्या घालणं. तो खालून तापायचा. मी उचलून धरला, तिने वाट्या सरकवल्या, टेबलफॅनचं तोंड त्याच्याकडे फिरवलं. मग उभ्याउभ्याच एक शब्द टाइप केला, बटण दाबलं आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं पळायला लागली. जेवणं नुकतीच झाली होती. ती म्हणाली, "आता दोन-अडीच तास हे चालणार. मी जरा आत पडते, वाल बाधलेत, छातीत जळजळतंय. तुमी इथं बसा. अक्षरं पळतायत तवर सगळं ठीक. थांबली की हाक मारा."

मी बसलो. बोटीवर तीस वर्षं काढलेला माणूस मी, सांगितलेल्या जागी बसून राहणं मला जमतं. अडीच तास होऊन गेले. मशीन जुनं, तिच्या अंदाजापेक्षा हळू चाललेलं. अक्षरं पळतच होती, म्हणून मी हाक मारली नाही. चार वाजले तेव्हा मला चहाची तल्लफ आली आणि राग आला. इथूनच ओरडलो, "चहा कोन तुजा बाप करनार काय?" हे माझे तिला शेवटचे शब्द, आणि तेही तिने ऐकले नाहीत. आत गेलो तर ती भिंतीकडे तोंड करून पडलेली, हात गार...

डॉक्टर म्हणाला, तास-दीड तास झाला असेल. म्हणाला, झोपेत सुखाने गेल्या. त्यानंतर जो येईल तो हेच. सुखाने गेली. तुम्ही होतात का तिथे? आठ पावलांवर मी होतो आणि मलाच माहीत नाही, तर तुम्हाला कुठून कळलं? डॉक्टरने मला विचारलं, "तुम्ही कुठे होता?" मी म्हटलं, किनाऱ्यावर गेलो होतो, आत्ताच आलो. खोटं बोललो. आठ पावलांवर बसून एका यंत्राकडे बघत होतो हे तोंडातून निघेना. मग तेच सगळ्यांना सांगत गेलो.

मंदा सफाळ्याची, दहावी झालेली. मी चिंचणीचा, चौथी पास. आम्हाला मूलबाळ नाही. माझी बोट विकली गेल्यावर घर तिच्या नोकरीवर चाललं. तारापूरच्या एका कारखान्यात आधी पॅकिंगला, मग स्टोअरमध्ये कॉम्प्युटरवर. निवृत्त झाली तेव्हा साहेबाला म्हणाली, शाल-नारळ नको, त्या भंगारात काढलेल्या लॅपटॉपातला एक द्या. साहेब हसला आणि दिला. बॅटरी मेलेली, प्लग लावला तरच चालायचा. बोईसरच्या दुकानात नेला तर दुकानदार म्हणाला, "काका, ये तो गया. नवीन सिस्टिम याच्यात चालणार नाही, जुनीला आता कंपनी विचारत नाही. फेकून द्या." मी उचलून निघालो होतो. ही जागची हलेना. "चालतोय की नाय तो? दिवा लागतोय, बटनं चालतात. मंग गेला कसा? कोन ठरवनार गेला म्हनून?" दुकानदार माझ्याकडेच बघून हसला, बायकोला आवरा असं.

तिथून तिच्या डोक्यात बसलं. मोबाइलवर हिंदीतले व्हिडिओ बघून बघून शिकली. मला समजलं ते एवढंच की, जगात काही लोक असे आहेत जे आपल्या सिस्टिमची सगळी आतली लिखापढी उघडी ठेवतात. कोणीही घ्यावी, वाचावी, बदलावी. ते तुकडे आणायचे आणि एकेक करून आपल्याच मशीनवर शिजवायचे. शिजवणं हा तिचा शब्द. एक पेनड्राइव्हवरची उसनी सिस्टिम घालून तेवढ्यापुरता लॅपटॉप चालवायचा आणि तिच्या आधाराने आपली स्वतःची उभी करायची. सात-आठ महिने चाललं हे. एखादा तुकडा चार-चार दिवस शिजायचा नाही, मग ती जेवायची नाही धड. शेजारचे म्हणायचे, मंदाकाकू म्हातारपणी इंजिनिअर झाल्या. मीसुद्धा म्हणालो आहे. चारचौघांत म्हणालो आहे, "आमची बायको भंगारवाल्याशी स्पर्धा करते." घरी आल्यावर म्हणाली, "तुमच्या बोटीला मी कदी लाकूड म्हनले काय?"

त्या दुपारी शिजत होता तो कर्नल, सिस्टिमचा गाभा. तिने मला समजेल असं सांगितलं होतं, "बाकी सगळे खलाशी येऊन बसलेत. हा तांडेल. हा बसला की बोट निघाली."

मयत झालेलं कळल्यावर माझी मोठी बहीण पहिली आली. आम्ही तिला बाय म्हणतो. हाताला मासळीचा वास तसाच, धावत आलेली. आमच्याकडे घरात मयत असलं की टीव्ही, रेडिओ बंद करून कापड घालतात, घरात वाजतं-चालतं काही ठेवत नाहीत. तिने टीव्हीवर चादर टाकली, फॅन बंद केला आणि लॅपटॉपचा प्लग ओढला. पडदा काळा झाला. मी बघितलं. तेव्हा नाही बोललो, दहाव्याला बोललो. पंगत बसायची होती, बाय भाताचं पातेलं घेऊन आली आणि मी सगळ्यांसमोर तिला धरलं. "तुला काय कळतं त्यातलं? सात-आठ महिन्यांचं तिचं काम तू एका हाताने मारलंस. एकदा मेली ते कमी होतं काय?" बाय तशीच उभी. मग पातेलं खाली ठेवलं आणि न जेवता गेली. ऐंशीला टेकलेली बाई, चालत गेली. मला त्यात बरं वाटलं, हे लिहून ठेवतो.

मग लॅपटॉप पिशवीत घालून त्याच दुकानात गेलो. वर्षापूर्वी आपणच फेकायला सांगितलेलं दुकानदार विसरला होता. म्हणाला, "काका, कशाला टेन्शन? सगळं पुसून तासाभरात एखादी फुकटवाली टाकून देतो, चालेल मस्त." म्हणजे चालणार होता. एवढं त्याला तेव्हाही ठाऊक होतं. त्याला जे बोललो ते इथे छापता येणार नाही. लॅपटॉप घेऊन परत आलो.

मंदाची वही होती. दोनशे पानी, निळी. मी ती उघडली नव्हती, कारण मला वाटायचं सगळं इंग्रजी असेल. ओळी इंग्रजीच होत्या, पण प्रत्येक ओळीखाली मराठीत लिहिलेलं, ही कशाला, हिच्यानंतर पडद्यावर काय दिसलं पाहिजे, कुठे मोकळी जागा सोडायची. एका पानाच्या डोक्यावर होतं, 'लाइट गेल्यास'. खाली आठ ओळी, आणि शेवटी, 'घाबरायचं नाही. जिथं थांबलं तिथून पुढं जातं. मागचं शिजलेलं वाया जात नाही.'

ते वाचून मला कोणीतरी मुस्कटात मारल्यासारखं झालं. चिंचणीत लाइट जाते हे काय मंदाला नवीन होतं? सात-आठ महिन्यांत किती वेळा गेली असेल. बायने काहीच मारलं नव्हतं.

मग मी बसलो. एका बोटाने, चष्मा पुसत, एकेक अक्षर वहीतून बघून. मोकळी जागा चुकली की मशीन नाही म्हणतं. एक आडवी रेघ की तिरकी रेघ, यात माझी एक अख्खी सकाळ गेली. मी शिव्या घालायचो, मशीनला, तिला, मला. आठ ओळींना तीन दिवस लागले. आठवी ओळ मारली आणि अक्षरं पुन्हा पळायला लागली. वाट्या तशाच खाली होत्या. मी खुर्चीत बसलो नाही, उभा राहिलो. तासाभरात ती थांबली, शेवटच्या ओळीवर, वहीत लिहिलं होतं तशीच. हाक मारायला तोंड उघडलं होतं...

पुढची दोन पानं करायला आणखी चार दिवस. मग पेनड्राइव्ह काढून बटण दाबायचं होतं. दाबलं. ओळी भराभर वर गेल्या, पडदा पुसला गेला आणि एकच ओळ येऊन थांबली, तिच्या सुरुवातीला एक शब्द. इंग्रजी मला येत नाही, पण तिची पगाराच्या कागदावरची सही मी वाचलेली आहे. तिने मशीनला स्वतःचं नाव दिलं होतं. manda. बोटीवर माझ्या आईचं नाव होतं. घर माझ्या नावावर, लाइटचं बिल माझ्या नावावर. चाळीस वर्षांच्या संसारात तिचं नाव मी कशाला दिलं नाही, आणि तिने मागितलंही नाही. दुकानदाराने फेकून द्या म्हटलेल्या एका डब्यावर तिने ते स्वतः घातलं. नावापुढे मशीन विचारत होतं, कोण आलंय, सांग; वहीत तसा अर्थ लिहिला होता. पासवर्डची जागा वहीत शोधली. लिहिलं होतं, 'पासवर्ड कुठंही लिहायचा नाही, डोक्यात ठेवायचा.' म्हणजे मी आत जाणार नाही. मला तिचा राग आला, अजून आहे. पण सिस्टिम उठली होती. तिची, तिने शिजवलेली. दिवेलागणीपर्यंत समोर बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकडे गेलो. ती किनाऱ्यावर काठ्यांवर बोंबील वाळत घालत होती. माझ्याकडे बघितलं नाही. मी म्हटलं, "मंदाचं मशीन सुरू झालं. तू काय मारलं नव्हतंस."

"बरं," ती म्हणाली.

"आनि मी त्या दिवशी किनाऱ्यावर नव्हतो. घरात होतो. तिच्याजवळ."

बायने दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवले, काठीवर टाकले.

"ठाव हाय," ती म्हणाली. "ती सगळी दुपार मी इथंच होते ना. तू कुटं आलास?"

म्हणजे दहाव्याला, सगळ्या गोतावळ्यासमोर मी तिला बोलत होतो, तेव्हाही तिला ठाऊक होतं. पातेलं हातात धरून ती उभी होती आणि एक शब्द बोलली असती तर मी संपलो असतो.

मी चपला काढल्या, टोपलीजवळ बसलो आणि बोंबील जोडून तिच्या हातात देत राहिलो, टोपली संपेपर्यंत.