सलीमभाईंच्या मांडीवरची टाकी

विमान बांधायला घेतलं की विमान होईलच असं नाही, पण करवतीखाली भुसा साठावा तसे किस्से मात्र साठतात. हल्ली आमच्या मांडवी गावच्या बाजारात कुणी "मास्तर, विमान काय म्हणतंय?" असं विचारलं की मी मासळी न घेताच घरी परततो. इतकी लाज वाटते!

आम्ही तिघे. मी निवृत्त शिक्षक, म्हणजे विमानाचा नकाशा वाचणारा. होड्या बांधणारा विनू. आणि आखातात जनरेटर दुरुस्त करून परतलेले सलीमभाई. उडणार होते तेच, लहानपणापासूनची हौस!

*

विमानाचं लाकूड हलकं हवं. विनूने पंखाचा मुख्य दांडा सागाचा, होडीला शोभेल असा घडवला. तिघांना उचलेना!

"लाट आली तरी हलायचा नाय!" विनू खूश.

"अरे, वर लाटा कुठल्या?"

"मग तर भ्याच नाय!"

*

मग टाकी. नकाशात ती इंजिनामागे, वैमानिकाच्या गुडघ्यांवर होती. पेट्रोल आपसूक इंजिनात उतरतं, पंप नको. सलीमभाईंनी पत्र्याची टाकी जोडली, आम्ही वरून प्लायवूड चिकटवलं. मग ते आत बसायला गेले, तर गुडघे मावेनात! मापं मी घेतली होती. स्वतःच्या गुडघ्यांची.

*

सीट मागे सरकवत होतो, तेवढ्यात सलीमभाईंच्या पत्नी, हमीदाभाभी, चहा घेऊन आल्या. "मास्तर, पेट्रोल मांडीवर घेऊन माझा माणूस वर जाणार? नका हो धाडू."

"भाभी, जबाबदारी माझी!" मी छाती फुगवून म्हणालो. आठवलं की आजही कान गरम होतात.

*

नवी होडी पाण्यात लोटताना तिच्या नाकावर नारळ फोडतात. विनू म्हणाला, विमानालाही फोडायचाच. इंजिन चालवून बघायचा दिवस, सगळी मांडवी गोळा. सलीमभाई नव्या सफारीत, गळ्यात हार घालून आत बसलेले. वयाने मोठा म्हणून मान माझा. नाकात इंजिन, म्हणून मी जरा मागे, दणकन हाणला.

होडीचं लाकूड जाड असतं हो! इथे पातळ प्लायवूड फोडून नारळ शाबूत आत गेला, टाकीचा सांधा उसवला आणि पेट्रोल थेट सलीमभाईंच्या मांडीवर. विनूने आधी पूजेचं निरांजन विझवलं, मग त्यांना ओढून काढलं. कुणी हसलंसुद्धा नाही, तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी भाभींनी घरी बोलावलं. त्याच नारळाच्या वड्या! आम्ही तिघे खाली मान घालून खात होतो. भाभींनी माझ्या बशीत आणखी दोन ठेवल्या.

"घ्या मास्तर. तुम्ही जबाबदारी घेतली होतीत ना!"