टेकडीवरचा वाडगा

शेफील्डच्या कारखान्यांचा धूर वाऱ्याबरोबर पूर्वेला जायचा, म्हणून इथले धनिक पश्चिमेच्या टेकडीवर राहायला गेले. आम्ही खाली राहतो. परवा आईला मी वरची दगडी घरं आणि बागा दाखवायला नेलं. एका फाटकाशी वाडगाभर सफरचंदं होती, शेजारी पाटी: 'घेऊन जा.' बागेत जास्त झालेली फळं इथे अशीच ठेवतात. मी वळून बघते तर आईने वाडग्यासकट उचललेली!

"अगं, वाडगा त्यांचा आहे!"

"मग देऊ की परत. पण घर केवढंही असू दे, रिकामं भांडं कसं द्यायचं?"

दुसऱ्या दिवशी बेसनाचे लाडू घेऊन आम्ही निघालो. धूर कधी चढला नाही त्या टेकडीवर तुपात भाजलेल्या बेसनाचा वास चढत होता! म्हाताऱ्या मालकीणबाईंनी दारातच एक लाडू खाल्ला, डोळे मिटले. मग वाडगा आत नेऊन धुतला आणि काठोकाठ प्लम भरून आईच्या हातात दिला.

उतरताना आईचे डोळे चमकत होते.

"आता परत यावं लागणार. चिवडा तिखट नाही ना गं होणार त्यांना?"