ईटीडी दुपारी दीड, आणि काकांचा राहुकाळ

तो शुक्रवार होता. तंजावूर, राजवाड्याजवळची आमची गल्ली, साठच्या दशकाची सुरुवात... सकाळी दहाला मी नवी साडी नेसून, बॅग भरून तयार बसले होते. टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी उभी होती आणि काका अजून देवघरात होते.

(देवनागरी मी फार उशिरा शिकले. आमच्या घरी मराठी बोलायची आणि तमिळ अक्षरांत लिहायची. तेव्हा काही चुकलं तर सांभाळून घ्या.)

एका विमान कंपनीनं मला मुलाखतीला मद्रासला बोलावलं होतं. रिझर्व्हेशन काउंटरची नोकरी. तिरुचीहून मद्रासचं विमान, तिकीट कंपनीचंच. वडील गेल्यापासून मी काकांकडे राहत होते, आणि ही नोकरी मिळाली तर माझं स्वतःचं काहीतरी होणार होतं. नाही मिळाली तर पुढच्या तै महिन्यात, म्हणजे संक्रांतीनंतर, लग्न, हे काकांनी ठरवूनच टाकलं होतं.

मैत्रिणीचा भाऊ तिरुची विमानतळावर कामाला होता. त्यानं दिलेल्या जुन्या पुस्तकातून मी सगळी आद्याक्षरं पाठ केली होती... कॉफीचं डिकॉक्शन उतरेपर्यंत पाच, इडलीचं पीठ वाटता वाटता दहा. टीआरझेड म्हणजे तिरुची, एमएए म्हणजे मद्रास. तिकिटावर ओके असेल तर जागा पक्की. आरक्यू असेल तर जागा मागितली आहे, अजून मिळालेली नाही. ईटीए म्हणजे पोचण्याची अंदाजे वेळ, ईटीडी म्हणजे सुटण्याची.

माझ्या तिकिटावर ओके होतं. ते मी किती वेळा बघितलं असेल, देव जाणे.

काका कधी नव्हे ते सहस्रनाम म्हणत बसले. एरवी पंधरा मिनिटांत पूजा उरकणारा माणूस! त्यांना नमस्कार केल्याशिवाय निघायची सोय नव्हती, आणि तिरुचीपर्यंत सोबतही तेच येणार होते. साडेदहा वाजून गेल्यावर ते बाहेर आले, नेसलेली वेष्टी सारखी केली आणि तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, ऐसपैस बसले.

"आतां कोठें निघायचें? राहुकालम् लागला. बारा वाजूं दे."

शुक्रवारचा राहुकाळ साडेदहा ते बारा, त्या अशुभ वेळेत कोणी प्रवासाला निघायचं नाही. विमान दीडचं आहे, काउंटर त्याआधीच बंद होतं, रस्ता दीड तासाचा... सगळं सांगून झालं. तर म्हणाले, "ईटीडी म्हणजे अंदाजें, असें तूंच शिकविलेंस ना मला? मग थांबेल कीं तें विमान."

आमच्याकडे यावर तोड होती. राहुकाळ लागायच्या आधी प्रवाशाची एखादी वस्तू शेजारच्या घरी नेऊन ठेवायची. त्याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. प्रवास तिथूनच सुरू झाला असं धरतात, मग माणूस भर राहुकाळात निघाला तरी चालतं. काकांचा मुलगा वसंता नोकरीला गेला तेव्हा त्याचं असंच केलं होतं, आणि काका स्वतः हसत त्याला स्टेशनवर सोडून आले होते.

मी म्हटलं, काका, वसंतासारखं माझंही प्रस्थान ठेवायला हवं होतं.

"अय्यो, मग सकाळींच सुचायला नको? आतां काय उपयोग त्याचा?"

काकू दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि आत निघून गेली. तेव्हा मला तिचाही राग आला.

बाराला निघालो. तिरुचीला पोचलो तेव्हा डाकोटा विमानाचे पंखे फिरायला लागले होते. काउंटरवरचे गृहस्थ भले होते, त्यांनी तमिळमध्ये दोनदा क्षमा मागितली... पण माझी जागा आरक्यूवाल्या कोणालातरी देऊन झाली होती. माझ्या नावापुढे त्यांनी 'नो शो' लिहिलं.

नो शो म्हणजे जागा पक्की असून जो प्रवासी आलाच नाही तो. मी तर त्यांच्या समोर उभी होते!

परतीच्या वाटेवर काका पान चघळत म्हणाले, देवानंच अडवलं. कंपनीला मी पत्रं लिहिली, पुन्हा बोलावणं आलं नाही. तै महिन्यात लग्न झालं. पुढे तंजावूरच्याच एका शाळेत मुलींना इंग्रजी शिकवलं, संसार केला. वाईट झालं असं म्हणवत नाही... पण ते मी निवडलेलं नव्हतं.

काका गेले तेव्हा जो तो त्यांच्या सोवळ्याचं, देवभक्तीचं कौतुक करत होता. स्वयंपाकघरात काकू आणि मी दोघीच होतो. ती हळूच म्हणाली, "त्या दिवशीं तुझें प्रस्थान मीं ठेविलें होतें गं. सुपारी, तांदूळ आणि तुझा एक रुमाल. पहाटेंच समोरच्या घरीं दिलें. ह्यांनीं जाऊन परत आणलें."

मी विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलंस?

"सांगून काय झालें असतें? तुला ह्याच घरीं राहायचें होतें... आणि मलाही."

काकूचा हात मी धरून ठेवला. त्या घरात मी जावं असं वाटणारं एक माणूस होतं, आणि त्या माणसानं न विचारता पाऊल उचललं होतं. त्याबद्दल मी तिची जन्माची ऋणी आहे.

काकांचं विचाराल तर... वय झालं की माणूस सगळ्यांना माफ करतो म्हणतात. माझी ऐंशी उलटली. अजून तरी तसं काही झालेलं नाही.