आधार लावला होता

माझ्या संशयी स्वभावाला आमच्या घरात सगळे हसतात. औषधाच्या बाटलीवरची तारीख मी दुकानातच वाचते, आणि कुणी न विचारता 'बरं आहे' म्हणालं की ते बरं नाही, हे मी ओळखते. आई त्या दिवसांत फोन उचलल्या उचलल्या 'बरी हाय' म्हणायची.

ती तामलवाडीला असते. बाळंतपणं आणि डोक्यावरचे भारे यांनी तिचं मायांग, म्हणजे गर्भाशय, बाहेर यायला लागलं होतं. नुसती खोकली तरी खाली यायचं. चारचौघांत सांगण्यासारखं दुखणं नव्हे, म्हणून कित्येक वर्षं ती कापडाची घडी लावून शेतात जात राहिली. शेवटी मी तिला शहरातल्या एका दवाखान्यात नेऊन ऑपरेशन करून आणलं. त्यानं आराम पडला, हे मी आजही नाकारत नाही. अंग वर गेलं, लघवी साफ व्हायला लागली, आई ताठ चालायला लागली. घरी येताना म्हणाली, "डॉक्टर म्हणले, आधार लावलाय. आता घोर न्हाय." सरकारी योजनेसाठी तिचं आधार कार्ड मीच खिडकीवर दिलं होतं. ते लागलं असणार, असं मी धरून चालले.

दोनेक वर्षांनी ती तुळजापूरला माझ्याकडं आली आणि उभ्यानंच जेवली. भाकरी थापायलाही खाली बसेना. दोरीवर तिचा परकर वाळत होता आणि त्याच्याखाली झाकून एक फडकं. धुतलं होतं तरी डाग दिसत होता. पाळी जाऊन जमाना झालेल्या बाईचं हे रक्त कुठलं? मी रागानं विचारलं, तेव्हा ती भिंतीकडं बघत म्हणाली की आत काटा मोडल्यासारखं टोचतं.

आम्ही पुन्हा त्याच दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तपासलंसुद्धा नाही. वयाचं कारण सांगून गोळ्या लिहून दिल्या. पाणी कुठंतरी मुरतंय, हे मला तिथंच कळलं. हे लोक आत कापूस विसरलेत नाहीतर सुई, असं माझ्या डोक्यानं घेतलं. डिस्चार्ज कार्डावरचं अक्षर तर कुणालाच लागत नव्हतं. तशीच मी तिला दुसऱ्या एका डॉक्टरबाईंकडं घेऊन गेले.

त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मावशी, ऑपरेशनात आतून काही आधार लावला होता का?"

"व्हय, लावलाय की," आई म्हणाली आणि चंचीतून आधार कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

मला हसू आलं. बाई हसल्या नाहीत. पडद्याआड नेऊन त्यांनी आईला तपासलं आणि मग आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं. अंग पुन्हा खाली येऊ नये म्हणून आत प्लास्टिकच्या धाग्यांची जाळी शिवलेली होती. पुष्कळ बायकांना तिचा त्रास होत नाही. आईच्या अंगात मात्र जाळीची कड मांस कापून बाहेर आली होती, तीच टोचत होती.

टाक्यांसारखी विरघळेल का, असं आईनं विचारलं. बाईंनी नकारार्थी मान हलवली. मांस जाळीत वाढलं होतं. बाहेर आलेली कड कापता येईल, सगळी जाळी काढणं धोक्याचं. आणि कड कापल्यावर दुखणं पूर्ण जाईलच, याचीही त्या खात्री देईनात. खरं बोलणाऱ्या डॉक्टरवरही मला संशय यावा, इतकी मी तोवर पोळले होते.

आईनं टेबलावरचं कार्ड उचलून परत चंचीत घातलं. मग मला म्हणाली, "जाळी म्हणले असते तर म्या इचारलं असतं. आधार म्हणल्यावर काय इचारायचं?"

तिच्या अंगात काय ठेवलंय, हे तिला सोडून त्या दवाखान्यात सगळ्यांना माहीत होतं.

कड कापली. रक्त थांबलं. टोचणं कमी झालं, पण गेलं नाही. टमटममध्ये अजून ती एका बाजूला कलून बसते, आणि मी विचारलं की खरं काय ते सांगते.

परवा रेशन दुकानात तिच्याबरोबर होते. दुकानदार म्हणाला, "आजी, आधार लावावा लागंल."

आईनं कार्ड पदराखाली घट्ट धरलं. "लावल्यावर काढता येतो का?" तिनं विचारलं.

त्याला वाटलं, म्हातारी गंमत करतेय. आई उत्तराची वाट बघत उभी राहिली.