दोन पेशींवर अडलेला जावई

आळणीबाई हे नाव त्यांना नवऱ्यानंच दिलं होतं. घरी त्यांच्या भाजीत एक तर मीठच नसे, नाहीतर नुसतं मीठच असे. प्रयोगशाळेत मात्र त्यांचं माप मिलिग्रॅमभरही चुकत नसे. एकोणीस वर्षं त्या उंदरांच्या भ्रूणांसाठी पोषक द्रव बनवत होत्या. जीव मोहरीहून कितीतरी बारीक, पण खाण्याचे नखरे सासरच्या मंडळींसारखे.

नवे साहेब आले आणि त्यांना बाईंचा द्रव फारच दरिद्री वाटला.

"वाढत्या जिवाला उपाशी ठेवता? पहिल्या दिवसापासून ग्लुकोज घाला, भरपूर!"

"साहेब, सुरुवातीला त्यांना ते झेपत नाही. पायरुव्हेटच द्यावं लागतं. साखरेचा आयता चावून दिलेला घास समजा."

"बाई, शिकलंय कोण? तुम्ही की मी?"

बाईंनी मुकाट्यानं घातलं. भ्रूण एका पेशीचे दोन पेशींचे झाले आणि तिथंच हटून बसले. नाचता येईना, अंगण वाकडं! साहेबांनी मेमो धाडला: हात अस्वच्छ असल्याचा संशय आहे, आठवड्याच्या आत लेखी खुलासा करा, अन्यथा बाटल्या धुण्याच्या खोलीत बदली.

बाईंना ते फार लागलं. भाजीवरून कुणी नावं ठेवली तर त्या स्वतःच हसायच्या. पण या कामातला हात ही त्यांची सगळी कमाई होती, आणि तीच आता बाटल्या घासायला निघाली होती.

त्यांनी त्याच दिवशी दोन बशा लावल्या. एकीत साहेबांची कृती. तिच्यावर चिकटपट्टी लावून लिहिलं, 'जावई'. दुसरीत स्वतःची, म्हणजे आठ पेशी होईपर्यंत ग्लुकोज नाही, मग तिसऱ्या दिवशी द्यायचं. तिच्यावर लिहिलं, 'तान्हं'.

पाचव्या दिवशी त्यांनी साहेबांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. 'तान्हं'मधले भ्रूण टम्म फुगून कवचाबाहेर डोकावत होते. साहेबांनी बशी बदलली.

"हा जावई कोण? दोन पेशींवरच अडलाय."

"तुमची कृती, साहेब. पाहुणचार जरा जास्त झाला. हात दोन्हीकडे हेच होते."

साहेबांनी 'तान्हं'ची बशी पुन्हा खाली सरकवून पाहिली. मग पुटपुटले, "तुमची कृती लिहून द्या."

बाईंनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. कृती आधीच लिहिलेली होती. साहेबांनी वाचली आणि कागद उलटला. पलीकडे त्यांचाच मेमो होता, सहीसकट.

"खुलासा लेखी हवा होता ना?" बाई म्हणाल्या.