टायगर काहीच करत न्हाई!

आमच्या गावात तंटा नाही. तशी पाटीच वेशीवर लावलेली आहे, त्यामुळे या विषयावर वाद घालण्यात अर्थ नाही. (वाद घातला तर तो तंटा धरतात.) ही पाटी ज्यांच्या पुढाकाराने लागली ते अण्णा तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष आहेत आणि माझे सख्खे शेजारी आहेत. त्यांच्या कुत्र्याचं नाव टायगर.

मी हायस्कूलला नागरिकशास्त्र शिकवतो. ‘हक्क आणि कर्तव्ये’ हा धडा मला झोपेतही येतो, आणि पोरांना तो झोपेतच ऐकायची सवय आहे. गाव वसमत तालुक्यातलं, हळदीचं. माणसं शांत. मीही शांतच होतो. पण आमच्या लेकीला, प्रांजलीला, पुण्यात नोकरी लागली, तिच्या घरमालकाला कुत्री चालेना, आणि तिनं आपली कुकी ‘फक्त दिवाळीपर्यंत’ आमच्याकडे आणून सोडली. (कोणत्या दिवाळीपर्यंत, ते विचारायचं राहून गेलं.)

कुकी म्हणजे पांढऱ्या केसांची चालती उशी. पुढची बाजू कोणती आणि मागची कोणती, हे ती चालायला लागल्याशिवाय कळत नसे. गावात कुणाला ‘कुकी’ म्हणता येईना, म्हणून सगळे तिला ‘कुकर’ म्हणत. “सर, कुकर कितीला पडला?” असं लोक मला भर रस्त्यात विचारत. माझी बायको सुलोचना आधी “कुत्रं उंबऱ्याच्या आत आलं तर मी बाहेर!” म्हणाली होती. महिन्याभरात कुकी पलंगावर आणि मी बाहेरच्या खोलीत, अशी व्यवस्था लागली. डॉक्टरांनी मला तूप बंद केलं होतं. कुकीला त्यांनी बंद केलेलं नव्हतं, त्यामुळे माझ्या वाटणीचं तूप तिच्या पोळीवर जाई.

त्याच डॉक्टरांनी मला साखरेपायी रोज सकाळी चालायला सांगितलं होतं. कुकीलाही फिरवावं लागे. म्हणून आम्ही दोघांनी रोज कालव्यापर्यंत जायचं ठरलं. कालव्याचा रस्ता अण्णांच्या फाटकासमोरून जातो. फाटक कायम उघडं.

“लोकांचं घर हाय सर हे,” अण्णा म्हणत. “लोकांना फाटक लावायचं का?”

लोकांना आत यायला जे फाटक उघडं होतं, त्यातूनच टायगर बाहेर येई. वासरापेक्षा जरा लहान आणि अण्णांपेक्षा जरा मोठा असा तो कुत्रा होता. पहिल्या दिवशी तो असा सुटून आला की मी कुकीला उचलून थेट डोक्यावर घेतलं आणि विजेच्या खांबाला पाठ लावून उभा राहिलो. अण्णा ओट्यावर बसून दात घासत होते.

“भिऊ नका सर! टायगर काहीच करत न्हाई!”

“अण्णा, तो दात दाखवून राहिला!”

“हसून राहिला तो! वळख करून घेऊन राहिला!”

पुढं ही ओळख रोजच होऊ लागली. मी छत्री घेऊन जाऊन पाहिलं, ऊन-पाऊस काही नसताना. तिसऱ्या दिवशी छत्री टायगरच्या अंगणात होती. काठी नेली, ती त्याला इतकी आवडली की तो ती तोंडात धरून आमच्यासोबत घरापर्यंत आला आणि दारात बसून राहिला. लांबच्या रस्त्याने जाऊन पाहिलं, तर टायगर लांबच्या रस्त्याने आला. एकदा तर मी कुकीला छातीशी धरून पळत सुटलो, आणि वाटेत हळद पॉलिश करायचं यंत्र चालू होतं तिथल्या पिवळ्या भुशाच्या ढिगात तोंडावर पडलो. घरी आलो तेव्हा सुलोचनेनं दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “या वयात? कोण हाय ती?”

शाळेत त्या आठवड्यात पोरं मला पाहून सनईचे आवाज काढत होती. इथवर मीही हसत होतो.

मग एके सकाळी माझा पाय चिखलात अडकला, कुकीला उचलायला क्षणभर उशीर झाला, आणि टायगरनं तिचा कान धरला. मी ओरडलो, लाथा झाडल्या, (त्यातली एक खांबाला लागली) तेव्हा कुठं त्यानं सोडलं. पांढऱ्या केसांवरून रक्त वाहत होतं. मोटारसायकलवर तिला पोटाशी बांधून मी वसमतला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते बिचारे जन्मभर म्हशींना तपासत आलेले. त्यांनी कुकीला टेबलावर ठेवलं आणि विचारलं, “बाकीची कुठंय?” पण टाके मात्र त्यांनी फार हळुवार हातानं घातले.

त्या दिवशी कुकी पलंगाखालून बाहेर आली नाही. तूप लावलेली पोळी तशीच पडली. सुलोचना जमिनीवर पालथी पडून पलंगाखाली हात घालून “ये गं माय, ये लेकरा” करत होती, आणि मधूनच माझ्याकडे असं पाहत होती की जणू मीच चावलो होतो. तेवढ्यात प्रांजलीचा व्हिडिओ कॉल. सुलोचनेनं कुकीची फक्त चांगली बाजू दिसेल असा फोन धरला.

“बाबा, तिचा दुसरा कान कुठंय?”

“तो... तिकडचं ऐकून राहिली ती त्या कानानं,” मी म्हणालो.

पोरीनं तोंड फोनच्या जवळ आणलं. मग हळूच म्हणाली, “तुम्हाला जमत नसेल तर सांगा बाबा. मी नोकरी सोडून येते.”

ज्या नोकरीसाठी पोरीनं तीन वर्षं अभ्यास केला, ती एका कानापायी जायची वेळ आली! मी तसाच उठलो आणि अण्णांकडे गेलो.

“अण्णा, टायगरला बांधा.”

“बांधू कसं सर? बांधला की चिडतो. चिडला की चावतो.”

“आताही चावतोच की!”

“व्हय, पण खुशीनं!”

अण्णांनी मला पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “हे बघा, तुमी शिकलेले माणसं. असं दारात येऊन बोलणं बरं दिसत न्हाई. रीतसर समितीकडं तक्रार द्या.”

“समितीचे अध्यक्ष तुम्हीच ना?”

“मग? वळखीचाच माणूस हाय की!”

चौकात रशीदभाईंचं चहाचं हॉटेल आहे. मी तिथं बसून सगळी हकीकत सांगितली. रशीदभाईंनी चहा गाळता गाळता ऐकून घेतली आणि निकाल दिला, “सर, कुत्ता बराबर है. मालिक को बांधो.” पण नागरिकशास्त्रात तशी तरतूद नसल्यामुळे मी तक्रारच केली.

बैठक ग्रामपंचायतीत भरली. अण्णा अध्यक्षांच्या खुर्चीवर बसले, चष्मा लावला आणि विचारलं, “तक्रार कुणाविरुद्ध हाय?”

“तुमच्याविरुद्ध.”

“हजर हाय का तो?”

“तुम्हीच आहात अण्णा!”

“मग हजर हाय. पुढं बोला.”

मी बोललो. कुकीचा कान दाखवला. अण्णांनी तो नीट पाहिला, च्‌ च्‌ केलं. मग ते उठले, समोरच्या बाकावर माझ्या शेजारी येऊन बसले आणि तिथून आपली बाजू मांडली. ती मांडून झाल्यावर पुन्हा खुर्चीवर गेले. “दोन्हीकडचं ऐकलं,” ते म्हणाले. “समोरच्याचं मला जरा जास्त पटलं. पण सरांची तकलीफबी खरी हाय. म्हणून समेट करायचा.”

समेट म्हणजे काय, ते मग उलगडलं. तंटामुक्त गाव म्हणून आमचा सत्कार करायला भाऊसाहेब येणार होते. भाऊसाहेब म्हणजे भागातले जुने पुढारी. पांढरं शुभ्र धोतर, पांढऱ्या मिशा आणि सगळे त्यांना वचकून. त्यांच्यासमोर दाखवायला एखादा ताजा मिटलेला तंटा हवा होता, आणि गावात आमच्याशिवाय तंटा शिल्लक नव्हता!

“स्टेजवर टायगर आन् कुकर शेजारी शेजारी बसवू,” अण्णा म्हणाले. “फोटो होईल. तुमी संवादावर भाषण करा. आन् भाऊसाहेबांसमोर शब्द देतो, दुसऱ्या दिवशीपासून टायगर साखळीला.”

एवढ्या सगळ्यातून माझ्या कानात दोनच शब्द शिरले. एक ‘साखळी’ आणि दुसरा ‘भाषण’. मी हो म्हणालो.

“अहो, कुत्र्याला भाषण कळते का?” सुलोचनेनं विचारलं.

“माणसांना तरी कुठं कळतं? पण शांत बसतात ना!” मी म्हणालो. या उत्तरावर मी दोन दिवस खूश होतो.

सत्काराचा दिवस उजाडला. शाळेच्या मैदानात मंडप. भाऊसाहेब दोन तास उशिरा आले, म्हणजे वेळेवर आले. टायगरच्या गळ्यात झेंडूचा हार आणि जन्मात पहिल्यांदा साखळी; साखळीचं टोक अण्णांच्या हातात. कुकीला सुलोचनेनं लाल रिबीन बांधली होती, ती माझ्या डाव्या हातावर. माझ्या उजवीकडं भाऊसाहेब उभे, सत्काराची शाल पांघरून.

माइक माझ्या हातात आला आणि मला कंठ फुटला. मी हक्कांवर बोललो, कर्तव्यांवर बोललो, युद्ध आणि शांततेवर बोललो. टायगर जांभया देत होता. मी आवाज चढवला, “बंधूंनो! विश्वास हाच समाजाचा पाया आहे!”

वाक्य इतकं जमलं की अण्णांनी टाळ्या वाजवल्या. दोन्ही हातांनी!

साखळी खळ्ळकन् खाली पडली. टायगर उठला. मी माइक टाकला, (तो चालूच होता) कुकीला डाव्या हातानं डोक्यावर घेतलं आणि जवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर चढलो. खुर्चीचा पाय मोडला. तोल जाताना उजव्या हाताला जे सापडलं ते मी गच्च धरलं. ते पांढरं होतं, मऊ होतं, आणि भाऊसाहेबांच्या कमरेला होतं!

मी खाली आलो. माझ्यासोबत धोतरही खाली आलं.

मला काहीच दिसत नव्हतं, कारण तोंडावर धोतर होतं. मला वाटलं, टायगरच आला! मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, “सोड! सोड म्हणतो ना!” माइकवरून ते सगळ्या गावाला ऐकू गेलं.

वरून भाऊसाहेबांचा आवाज आला, तोही माइकवरून, “आधी तुमी सोडा! धोतर सोडा माझं!”

सुलोचना नंतर सांगत होती की भाऊसाहेबांची चड्डी निळ्या पट्ट्यांची होती आणि त्यांनी शाल फार चपळाईनं खाली घेतली. शेवटी तिला खाली घेतलं तेव्हा घाबरून कुकीनं माझा कान कडकडून चावला. आणि टायगर? तो सत्काराच्या टेबलापाशी मागच्या पायांवर बसून शांतपणे पेढे खात होता. त्या दिवशी टायगरनं खरंच काहीच केलं नाही.

भाऊसाहेब जीपमधून निघून गेले. त्यांच्या माणसांनी मला फार मारलं नाही, कारण रशीदभाई मधे पडले आणि “सर का दिमाग बराबर नहीं है दो दिन से” असं त्यांना समजावून सांगितलं. संध्याकाळपर्यंत कुणीतरी काढलेला व्हिडिओ गावोगाव, कुरुंद्यापासून औंढ्यापर्यंत, पोचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा स्वतः आमच्या दारात आले. हातात नवी कोरी, जाडजूड साखळी.

“आजपासून टायगर बांधलेला राहील सर. फाटकबी लावून घेणार.”

मी त्यांचा हात धरायला पुढं झालो. “अण्णा, उशिरा का होईना, तुम्हाला पटलं!”

“पटायचं काय त्यात?” अण्णा एक पाऊल मागं सरकले. “तुमचा काय भरोसा! कुणाचंबी काहीबी धरता तुमी. लेकरू घाबरलंय माझं. कालपासून भाकर खाल्ली न्हाई त्यानं.”

(परातभर पेढे मी मनातच मोजले.)

तेवढ्यात प्रांजलीचा फोन आला. तिनं व्हिडिओ पाहिला होता. मी कानावर पट्टी लावून, मान खाली घालून बसलो. ती इतकी हसत होती की बराच वेळ तिला बोलताच येईना. मग म्हणाली, “बाबा, मी थांबवून थांबवून पाहिलं. खुर्ची मोडली, तुम्ही पडलात, सगळं पडलं... पण कुकीला धरलेला हात तेवढा शेवटपर्यंत वरच होता.” आणि नोकरी सोडायचा विषय तिनं पुन्हा काढला नाही.

आता अण्णांचं फाटक बंद असतं. कुकी आणि मी रोज निवांत कालव्यापर्यंत जातो. वाटेत रशीदभाईंच्या बाकावर गावातली धोतरवाली म्हातारी मंडळी चहा घेत बसलेली असतात. आम्ही दिसताच रशीदभाई आतून हाळी देतात, “चाचा, सर येऊन राहिले! संभालो!” आणि सगळे म्हातारे कप खाली ठेवून, दोन्ही हात कमरेला लावून ताडकन् उभे राहतात. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, गावात गुरुजनांना केवढा हा मान! मीही दुरूनच हात जोडतो, आणि बाकाच्या पलीकडे जाईपर्यंत ते तसेच जोडून ठेवतो.